कोलूत बसलेली स्टेपनी

गाडीला चार चाकं असतात, ही सौरीराजन मास्तरांची सहासष्ट वर्षांची समजूत नाडिमुत्तू पिळ्ळैंनी आयुधपूजेच्या सकाळी कुंपणावर कोपरं टेकून मोडीत काढली.

मास्तर अंगणात गाडीला गंध लावत होते. बॉनेटवर वैष्णवांचा उभा नाम काढून झाला होता, आणि मास्तरांनी काढलेला म्हणून तो दोन्हीकडून अगदी सारखा आला होता. चारही चाकांना चंदनाची बोटं ओढून झाली होती, झेंडूच्या माळा घालून झाल्या होत्या.

"सार, पाचवं कुठंय?" पिळ्ळैंनी विचारलं.

"पाचवं काय?"

"चाक. स्टेपनी."

"डिकीत."

"अंधारात?" पिळ्ळैंनी हळहळून मान हलवली. "चार सुना नटूनथटून अंगणात, आणि पाचवी कोठीघरात कोंडलेली. अडल्यावेळी धावून येणार ती, आणि वर्षाच्या सणाला तिच्याच कपाळी कुंकू नाही. मी काही म्हणत नाही. तुमची गाडी, तुमची सून."

पिळ्ळै एकतीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांच्याकडे गाडी नव्हती, सायकलसुद्धा नव्हती. पण मास्तरांच्या दारात गाडी आल्यापासून तिच्याबरोबर मिळालेलं जाडजूड माहितीपुस्तक त्यांनी घरी नेऊन तीनदा वाचून काढलं होतं. मास्तरांनी ते एकदाही उघडलं नव्हतं. जे पुस्तक फुकट मिळतं त्यावर परीक्षा नसते, असं त्यांचं मत होतं. त्यामुळे गाडी मास्तरांची आणि गाडीविषयीचं ज्ञान पिळ्ळैंचं, अशी वाटणी आपोआप झाली होती.

गाडीत स्टॅबिलिटी कंट्रोल नावाचं तोल सांभाळणारं यंत्र आहे, हेही मास्तरांना कळलं ते पिळ्ळैंकडूनच. "प्रत्येक चाकाला एक नस आहे," पिळ्ळैंनी ओसरीवर बसून समजावलं होतं. "नस मेंदूला सांगते की पाय सारखा पडतोय की नाही. एखादा घसरला की मेंदू ओळखतो, जनावर पडतंय. मग तो स्वतःच एकेका चाकाला ब्रेक लावतो आणि सावरतो. चालवणाऱ्याला विचारत नाही."

"म्हणजे यांच्यापेक्षा शहाणी आहे," मास्तरांच्या पत्नी वेदवल्ली मामी आतून म्हणाल्या होत्या.

तर स्टेपनी निघाली. तिच्या खालून जॅक निघाला, पाना निघाला. मामींनी स्टेपनीची लोखंडी कडा चिंचेने घासली, कारण घरात येणारी वस्तू घासल्याशिवाय येत नाही. आणि मग कोलूच्या, म्हणजे नवरात्रात मांडलेल्या बाहुल्यांच्या, नऊ पायऱ्यांपुढे, जिथे वीणा, पोथ्या, शिवणाचं यंत्र आणि मामींची कात्री मांडली होती, तिथे पाटावर जॅक-पान्यासकट ती बसली. मागे दशावतार, पुढे स्टेपनी.

आमच्या लहानपणी आयुधपूजेला विळी, कात्री आणि शाईची दौत एवढंच असे. फार तर एखाद्याकडे सायकल. ती अंगणात उभी राहायची, आत यायची तिची छाती नव्हती. आता काळ बदलला. संध्याकाळी हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी बाहुल्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एकीने विचारलं, "मामी, हे सुदर्शन चक्र कुठून आणलं?" दुसरीने डोळे मिटून तिच्यापुढे अख्खं कीर्तनम् म्हटलं आणि सुंडलच्या उसळीचा द्रोण घेऊन गेली. मास्तर सोप्यात वर्तमानपत्रामागे बसून हे ऐकत होते आणि त्यांना उगाच अभिमान वाटत होता.

आयुधपूजेला एकदा मांडलेल्या वस्तूला दुसऱ्या दिवशीच्या पुनर्पूजेपर्यंत हात लावायचा नाही. विजयादशमीला पुन्हा आरती, नैवेद्य, मग वस्तू उत्तरेकडे बोटभर सरकवायची, की ती मोकळी. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मास्तरांनाही ठाऊक होतं. पण त्या दिवशी त्यांचं डोकं त्यांच्या ताब्यात नव्हतं, ते मन्नारगुडीला होतं.

मन्नारगुडीला त्यांची लेक आंडाळ दिलेली. तिची मुलगी निरंजना तीन वर्षांची झाली होती, आणि विजयादशमीला तिचं पहिलं अक्षर होतं. ताटात तांदूळ पसरायचे, मुलीला मांडीवर घ्यायचं, तिचं बोट धरून 'अ' लिहायचा. प्रश्न एकच होता, बोट कोणी धरायचं.

मास्तरांनी चौतीस वर्षांत हजारो पोरांची बोटं धरली होती. पण पोटच्या पोरीचं बोट धरायच्या दिवशी कावेरीला पूर आला, आणि पूरग्रस्तांची डोकी मोजायला सरकारने मास्तरांना पाठवलं. 'अ' लिहवला मामींच्या भावाने. तो माणूस चालायचाही तिरका. परिणाम असा की आंडाळने लिहिलेली सामानाची यादी घेऊन मास्तर एकदा चुकून औषधाच्या दुकानात शिरले होते, आणि दुकानदाराने निमूटपणे तीन प्रकारच्या गोळ्या दिल्या होत्या. ती यादी मास्तरांनी जपून ठेवली होती. ती पाहिली की त्यांना पूर आठवे.

आणि आता व्याही. पट्टाभिरामन हे कुठल्याशा तालुक्याच्या नोंदणी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, अक्षर मोत्यासारखं. फोनवर ते म्हणाले होते, "मुहूर्त सव्वानऊ ते साडेदहा. तुम्ही वेळेवर पोचलात तर तुम्हीच. नाहीतर आम्ही आहोतच."

त्या 'आम्ही आहोतच'ने मास्तरांची दोन रात्रींची झोप नेली.

सोमवार होता. साडेसात ते नऊ राहुकाळ, त्यात घर सोडायचं नाही. म्हणून साडेसातच्या आत निघायचं ठरलं. सात वाजून बावीस मिनिटांनी मामी पुढच्या सीटवर होत्या, मांडीवर पायसमच्या खिरीचा डबा. नाडिमुत्तू पिळ्ळै मागच्या सीटवर होते, मांडीवर माहितीपुस्तक. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. "लांबचा प्रवास, कुणी जाणकार बरोबर हवा," म्हणून ते स्वतःहून बसले होते. बरोबर त्यांनी एक पिशवीभर लिंबं आणली होती. चार चाकांखाली ठेवायला, आणि उरलेली वाटेत लागली तर.

किल्ली फिरवताना मास्तर थबकले.

"स्टेपनी."

"कोलूत आहे," मामी म्हणाल्या.

"आणतो."

"पुनर्पूजा झालेली नाही. नैवेद्याचा भातसुद्धा टाकलेला नाही मी. संध्याकाळी आल्यावर करणार आहे. आवाहन केलेल्या देवाला उचलून डिकीत कोंबणार?"

"देव नाही तो, वेदा. टायर आहे."

"काल संध्याकाळी तुमच्यासमोर सतरा बायकांनी नमस्कार केला तिला. तेव्हा का नाही बोललात?"

मास्तरांनी घड्याळ पाहिलं. सात सत्तावीस. पुनर्पूजेला वीस मिनिटं लागतात. पिळ्ळै मागून म्हणाले, "सार, चाळीस किलोमीटर. आणि चारही पायांना कालच गंध लागलंय. काय होतंय?"

चार लिंबं चिरडून गाडी निघाली.

काय होतंय, ते पहिल्याच वळणावर कळायला लागलं. आदल्या रात्री गावातल्या प्रत्येक दुकानदाराने दृष्ट काढून दुकानासमोर कोहळा फोडला होता. कुंकू भरलेल्या कोहळ्याचा लगदा रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेला. वळणावर गाडीचं बूड एका बाजूला निघालं, कुठेतरी कर्रकर्र वाजलं, समोर एक पिवळा दिवा फडफडला, आणि गाडी आपली आपणच सरळ झाली. दिव्यात एका गाडीचं चित्र होतं, तिच्या मागे दोन वेड्यावाकड्या शेपट्या.

"पाहिलंत?" पिळ्ळै आनंदाने म्हणाले. "सावरलं तिनं."

"मी सावरलं," मास्तर म्हणाले.

"दिवा लागला म्हणजे तिनं."

मास्तरांनी गिअर बदलला. चौतीस वर्षं ते सायकलवर शाळेत गेले, त्यातही बरसातीचे महिने, हँडलला वह्यांच्या पिशव्या, आणि एकदा म्हणून पडले नाहीत. तेव्हा कुठला दिवा लागला नव्हता.

गाव सुटलं. बारा-तेरा किलोमीटर बरे गेले. मग मागून टिक टिक असा आवाज यायला लागला, मनगटी घड्याळासारखा. वलंगैमानच्या अलीकडे मास्तरांनी गाडी कडेला घेतली. मागच्या डाव्या चाकात चांगला बोटभर खिळा रुतला होता, कुठल्यातरी रिक्षाथांब्यावरच्या कालच्या मांडवातला. पण चाकात हवा पूर्ण होती. टायर बिनट्यूबचा होता. अशा टायरला खिळा आत असेपर्यंत खिळाच बूच होऊन बसतो, आणि माणूस सावकाश पन्नास किलोमीटरही जाऊ शकतो. हे माहितीपुस्तकात लिहिलेलं आहे. पिळ्ळैंनी ते तीनदा वाचलं होतं. तिन्ही वेळा त्या पानावर त्यांचा डोळा लागला असावा.

पिळ्ळै चाकापाशी उकिडवे बसले. त्यांचा चेहरा मऊ झाला. "बैलाच्या खुरात असाच काटा जायचा," ते म्हणाले. "काटा आत ठेवून कुणी चालतं का? मामी, तुमचा अडकित्ता."

"पिळ्ळै, थांबा जरा," मास्तर म्हणाले.

पण कंपाउंडरचा हात एकदा जखमेशी गेला की थांबत नाही. अडकित्त्याच्या दोन पात्यांत खिळा धरून त्यांनी एका झटक्यात बाहेर काढला आणि विजयी मुद्रेने वर धरला. पाठोपाठ चाकातून एक लांब, दमलेला उसासा आला. तो संपला तेव्हा गाडी डावीकडे कलली होती.

"आता हळद भरायची असते," पिळ्ळै हळूच म्हणाले.

सात पंचावन्न. फोन वाजला. "कुठवर आलात?" पट्टाभिरामन.

"वाटेत आहोत," मास्तर म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं.

"या, या. तांदूळ निवडून ठेवलेत. नाहीतर आम्ही..."

मास्तरांनी फोन बंद केला.

पुढे एक किलोमीटरवर पंक्चरचं दुकान होतं. "हळूहळू चालवा, जनावर लंगडत का होईना जातं," असं पिळ्ळै म्हणाले, आणि दुसरा इलाजही नव्हता. त्या एका किलोमीटरमध्ये लोखंडी कड्याने बसलेल्या टायरला दोन्ही बाजूंनी चावून काढलं.

दुकानाच्या दाराला केळीचे खुंट बांधले होते. दारात खुर्ची टाकून साठीचे एक गृहस्थ चहा पीत वर्तमानपत्र वाचत होते. पाटीवर नाव काजा मैदीन. त्यांनी वर पाहिलं, चाकाकडे पाहिलं, आणि पुन्हा वर्तमानपत्राकडे पाहिलं.

"भाई, पंक्चर," मास्तर म्हणाले.

"दिसतंय."

"काढता?"

"हत्यारं पूजेत आहेत."

मास्तरांनी आत पाहिलं. आत पत्र्याच्या पेटीवर जॅक, पाने, हवेचा पंप, टायर उचकटायच्या पहारी, सगळं हारात बुडालेलं. वर चुरमुरे शिंपडलेले.

"पण भाई, तुम्ही..." मास्तर अडखळले.

"दुकान माझं," काजा मैदीन म्हणाले. "पण पाना मुरुगेसनचा. बावीस वर्षं तो या पान्यानं काम करतोय. काल गावाला जाताना सांगून गेलाय, भाई, मी येऊन पुनर्पूजा करेपर्यंत कशाला हात लावू नका. आता मी हात लावला आणि उद्या त्याच्या बोटावर जॅक पडला, तर त्याची बायको कुणाच्या दारात येऊन बसेल?"

"कधी येणार तो?"

"अकराच्या बसनं."

मास्तर दुकानाच्या पायरीवर बसले. त्यांच्या डोळ्यांपुढे तांदळाचं ताट आलं, त्यात पट्टाभिरामनांचा मोत्यासारखा 'अ'. आणि मग पुढची तीस वर्षं, प्रत्येक सणाला, "आमच्या हातचं वळण आहे हो तिला."

"इथून पलीकडे दुसरं दुकान?" पिळ्ळैंनी विचारलं.

"चार आहेत. चारही पूजेत. आज या रस्त्यावर एक पाना हलायचा नाही. लॉरीवाल्यांचेसुद्धा हारात आहेत."

तेव्हा मामी गाडीतून उतरल्या. पायसमचा डबा त्यांनी पिळ्ळैंच्या हातात दिला, पदर खोचला, आणि दुकानात जाऊन पेटीवरच्या पूजेकडे पाहिलं. जाणकाराने पाहावं तसं.

"पुनर्पूजा मी करते," त्या म्हणाल्या.

"राहुकाळात?" तिघेही पुरुष एकदम म्हणाले. काजा मैदीनही.

"राहुकाळात बाकी काही करायचं नसतं. पण दुर्गेची पूजा राहुकाळातच करायची असते, लिंबाच्या दिव्यांनी. आणि आयुधं कुणाची?" त्या नवऱ्याकडे वळल्या. "मास्तर, आयुधं कुणाची?"

"दुर्गेची," मास्तर म्हणाले. वर्गात उभं केल्यासारखे.

"मग. पिळ्ळै, लिंबं काढा."

काजा मैदीननी मुरुगेसनला फोन लावला आणि आवाज मोठा केला. मामींनी सगळं शास्त्र सांगितलं. पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या. मग मुरुगेसन म्हणाला, "मामी सांगतात तर करा. पण भाई, उत्तरेकडे सरकवायला विसरू नका."

लिंबं कापली, पिळली, साली उलट्या करून वाट्या केल्या. तेल काजा मैदीननी दिलं. ते खोबरेल आहे की यंत्राचं, हे मामींनी विचारलं नाही, आणि मी सांगत नाही. पाच दिवे लागले. मामींनी दोन श्लोक म्हटले, पायसमचा नैवेद्य दाखवला. आता सरकवायचं. पण उत्तर कुठे, यावर मास्तर आणि पिळ्ळै यांची जुंपली. मास्तरांनी सूर्य धरला होता, पिळ्ळैंनी मागे राहिलेलं कुंभकोणम.

"पश्चिम मला ठाऊक आहे," काजा मैदीन म्हणाले. "रोज पाच वेळा लागते. ती तिकडे, त्या चिंचेच्या थोडी डावीकडे. त्यावरून काढा उत्तर."

त्यावरून काढली. जॅक उत्तरेकडे बोटभर सरकला आणि मोकळा झाला.

सव्वाआठ.

पुढचं काम भाईंना करता येईना. कंबर धरली होती त्यांची. मुरुगेसन नसताना ते फक्त सांगू शकत. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा सौरीराजन मास्तरांनी धोतराचा काचा मारला आणि पाना हातात घेतला. आधी त्यांनी गाडी जॅकवर चढवली आणि मग नट पिळायला घेतला, तर नटाबरोबर चाकच गरगरा फिरायला लागलं.

"मास्तर, आधी नट सैल, मग जॅक," भाई खुर्चीवरून म्हणाले. "आधी अ, मग आ. उतरवा खाली."

मास्तरांनी उतरवली. नट सैल केले. पुन्हा चढवली. हात कोपरापर्यंत काळे झाले. नट लावताना ओळीने लावायला गेले तर भाई पुन्हा म्हणाले, "एकाशेजारी एक नाही. समोरासमोर. काय शिकवत होतात शाळेत?"

"तमिळ," मास्तर म्हणाले.

"तरीच."

खरी अडचण मात्र त्याआधीच, चाक निघाल्यावर, कळली होती. टायर दोन्ही बाजूंनी फाटला होता, तो सांधण्यापलीकडे गेला होता. भाईंनी दुकानामागून एक जुनं चाक आणायला सांगितलं. त्यात एक कोंबडी बसली होती. तिला उठवून चाक आणलं, भोकं जमली, पण ते बाकीच्या तिन्हींपेक्षा दोन बोटं लहान होतं. "मन्नारगुडीपर्यंत जाल," भाई म्हणाले. "धावू नका."

धावायचा प्रश्नच आला नाही. नऊ वाजून दहा मिनिटांनी गाडी निघाली आणि शंभर पावलांत पिवळा दिवा लागला. दोन वेड्यावाकड्या शेपट्या. पायाखाली कर्रकर्र. मास्तर दाबत होते आणि गाडी पुढे जात नव्हती. नाक धरून औषध पाजावं तशी मागे मागे ओढत होती. एक म्हातारा सायकलवरून त्यांना मागे टाकून गेला, आणि जाताना "पेट्रोल संपलं का?" असं विचारून गेला.

"कळलं," पिळ्ळै म्हणाले. "चाक लहान. लहान चाक जास्त फिरतं. मेंदूला वाटतं, तो पाय घसरतोय. म्हणून तो सारखा सावरतोय."

"पण घसरत नाहीये."

"ते त्याला कोण सांगणार? बारा वर्षांची एक म्हैस होती आमच्याकडे दवाखान्यात. पडेन पडेन या भीतीनं उभीच राहायची नाही."

नऊ वीसला दुसरा फोन. "कुठवर? भटजी येऊन बसलेत." नऊ तीसला तिसरा. "भटजींना कॉफी दिली. तुम्ही सांगा, थांबायचं का?" मास्तरांना त्या आवाजात हसू ऐकू आलं. ते होतं की नाही, देव जाणे.

"बंद करायची कळ आहे," पिळ्ळैंनी पानं उलटत सांगितलं. "गिअरच्या डावीकडे. दाबून पाच आकडे मोजायचे. तोलयंत्र झोपतं."

"सांभाळणाऱ्याचं तोंड दाबायचं?" मास्तर म्हणाले. तत्त्वाचा प्रश्न होता. चौतीस वर्षांत कुठल्याही मुलाला त्यांनी खरं बोलला म्हणून गप्प बसवलं नव्हतं.

"खरं कुठे बोलतंय ते?" मामी म्हणाल्या आणि त्यांनीच कळ दाबली. एक, दोन, तीन, चार, पाच. दिवा स्थिर झाला, पायाखालचा आवाज थांबला आणि गाडी सुटली.

सात मिनिटं ती अशी पळाली की मास्तरांना गाणं म्हणावंसं वाटलं. मग एक भातगिरणी आली. गिरणीवाल्याचा धंदा त्या साली चांगला झाला असावा, कारण त्याने फाटकासमोर एक नाही, एकवीस कोहळे फोडले होते. मास्तरांनी ब्रेक दाबला. दाबायला नको होता. गाडीने त्या लाल-पांढऱ्या लगद्यावर शांतपणे, कुठलाही आवाज न करता, एक अर्धं वर्तुळ काढलं. गिरणी गेली, नारळ गेले, आकाश गेलं, एक आश्चर्यचकित बकरी गेली, आणि गाडी थांबली. कुणाला खरचटलं नाही. डब्यातलं पायसमही सांडलं नाही, कारण ते पिळ्ळैंनी छातीशी धरलं होतं. फक्त आता गाडीचं तोंड उलटं, परत कुंभकोणमकडे होतं.

गिरणीचा रखवालदार आला. "मालक आत आहेत," तो म्हणाला. "भात आणलाय का?"

मास्तर दोन्ही काळे हात स्टिअरिंगवर ठेवून बसले होते.

"वेदा," ते म्हणाले, "त्यांनाच लिहू दे."

मामींनी त्यांच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी ऐकलं नव्हतं. "पूर होता तेव्हा तुम्ही नावेत बसून डोकी मोजत होतात," त्या म्हणाल्या. "मी घरात होते. आंडाळ ताटासमोर बसायलाच तयार नव्हती. अप्पा येऊ दे म्हणून तासभर रडली. शेवटी माझ्या भावानं हात धरून ओढलं. ते अक्षर तिरकं भावामुळे नाही आलं. ती हात सोडवून घेत होती. गाडी वळवा."

"हे तू इतकी वर्षं..."

"गाडी वळवा."

मास्तर लगद्यात उतरून ढकलायला लागले, आणि रखवालदाराने व गिरणीतल्या दोघांनी मिळून गाडी फिरवून दिली. पुढे रेल्वेचं फाटक बंद होतं, तिथे बारा मिनिटं गेली. माहितीपुस्तक पिळ्ळैंनी केव्हाच सीटखाली ठेवलं होतं.

दहा वाजून बावीस मिनिटांनी गाडी व्याह्यांच्या दारात पोचली. मास्तर अनवाणी धावत आत गेले, कारण एक चप्पल कोहळ्यात राहिली होती. सोप्यात ताट मांडलेलं. आंडाळ निरंजनाला घेऊन बसलेली. तांदूळ कोरे. भटजींचा चेहरा लाल, आणि समोर पट्टाभिरामन बोट वर करून उभे.

"आणि ताटाचं तोंड नक्की पूर्वेला आहे याची खात्री कोणी केली? माझ्या मते तांदूळ पुन्हा एकदा निवडावेत. यात मला एक खडा दिसतो," पट्टाभिरामन म्हणत होते.

"तिसऱ्यांदा निवडलेत मामा," भटजी दात आवळून म्हणाले.

"शिवाय साक्षीदार दोन हवेत," पट्टाभिरामन म्हणाले, आणि मग त्यांना दारात मास्तर दिसले. त्यांनी बोट खाली केलं. "माझी काही हरकत नाही," ते म्हणाले. "सुरू करा."

मास्तर जागच्या जागी उभे राहिले. "तुम्ही थांबवून धरलं होतंत?"

"तासभर. जन्मभर दुसऱ्यांच्या कामात काढलेल्या सगळ्या त्रुटी वापरल्या, शेवटी तर नव्या शोधाव्या लागल्या. म्हणून विचारत होतो कुठवर आलात, तर तुम्ही फोनच ठेवून देता."

"पण तुम्हीच लिहिणार होतात."

"वेडे आहात का? मी लिहिलं असतं, तर तुम्ही मास्तर. प्रत्येक दिवाळीला येऊन माझा 'अ' तपासत बसला असता. बसा लवकर, सात मिनिटं राहिलीत. नंतर यमगंड, राहुकाळाचाच भाऊ."

हात धुवायला वेळ नव्हता, आणि चाकाची काजळी पाण्याने जातही नाही. मास्तर पाटावर बसले. निरंजनाने त्यांचे हात पाहिले, मग तोंड पाहिलं, मग धोतरावरचा कोहळा पाहिला, आणि आजोबा आज खेळण्यासारखे झाले आहेत असं ठरवून मांडीवर येऊन बसली. त्यांनी तिचं बोट धरलं. सकाळपासून नट पिळून पिळून त्यांची बोटं आखडली होती. तमिळ 'अ'चा पोटातला गोल चपटा झाला, शेपूट ताटाबाहेर गेली. दुसऱ्या कुणी लिहिला असता तर मास्तरांनी दहापैकी दोन दिले असते.

सगळ्यांनी पाहिलं. पट्टाभिरामननीही पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं आणि बायकोकडे पाहून मिटलं.

भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा झाले. भटजींनी ताट उचलायला हात पुढे केला.

निरंजनाने त्यांचा हात बाजूला सारला. ताटाकडे निरखून पाहिलं, हाताच्या पंजाने तांदूळ पुसून सपाट केले, आजोबांचं काळं बोट दोन्ही मुठींत घट्ट धरलं आणि म्हणाली, "थाथा, हलवू नका. मी दाखवते."

मास्तरांनी हात सैल सोडला. यमगंड सुरू झाला होता. भटजींनी मनगट फिरवून घड्याळ उपरण्याखाली घेतलं आणि छताकडे पाहत राहिले.